ओढणीची जिल्द

आठवीत गेले तेव्हा बाबांनी मला धनजहून कारंज्याला आत्याकडे ठेवलं. आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, एकटीच राहायची. सकाळी डबा घेऊन गेली की ती दिवेलागणीलाच परत यायची. आमची शाळा सकाळची, बाराला सुटायची. त्यानंतरची सगळी दुपार माझी होती, आणि ती मी शेजारच्या बाईंडिंगवाल्या चाचांच्या ओसरीवर घालवली.

चाचा शाळांच्या, कचेऱ्यांच्या, वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांना नवी जिल्द करून द्यायचे. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. म्हणून मराठी पुस्तकांची सुटी पानं ओळीनं लावायचं काम त्यांच्या मुलीकडे होतं. ती माझ्याच वर्गात होती. ती पानं लावायची आणि मी शेजारी बसून त्यांतलं मोठ्यानं वाचायचे. अर्ध्या गोष्टी आम्ही अशाच वाचल्या, कधी शेवटापासून, कधी मधूनच.

तो हिवाळा आठवला की आधी सगळं पांढरं दिसतं. कापसाच्या गाड्या बाजाराकडे जायच्या आणि जिनिंगकडून उडालेले तंतू गल्लीभर तरंगायचे. ते भुवयांवर बसायचे, खळीच्या पातेल्यात पडायचे, पानांमध्ये अडकायचे. खळीत चाचा मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. त्या हिरवट वासानं डोळ्यांवर झापड यायची. ऊन तिरपं झालं की तंतू हवेतच थांबल्यासारखे वाटायचे आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे पटकन कळायचं नाही.

अशाच एका दुपारी वाचनालयाच्या गठ्ठ्यातून ते पुस्तक निघालं. पुठ्ठा नव्हता, सुरुवातीची चाळीसेक पानं गेलेली होती. त्यामुळे त्याचं नाव काय, ते लिहिलं कुणी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कुठल्या तरी विलायती कादंबरीचं जुनं भाषांतर होतं, एवढं मात्र खरं.

दलदलीच्या काठावर एक दगडी घर असतं. त्यात एक मालक एकटाच राहतो. तरुणपणी एका माणसानं त्याचा चारचौघांत अपमान केलेला असतो. पुढे तो माणूस मरतो आणि त्याची दोन पोरकी मुलं, भाऊ आणि बहीण, याच मालकाच्या आश्रयाला येतात. मालक त्यांना मारत नाही. उपाशी ठेवत नाही. आवाजसुद्धा चढवत नाही. फक्त रोज सकाळी दोघांतलं एक मूल निवडतो आणि दिवसभर त्याच्याशी बोलत नाही. का, ते सांगत नाही. हळूहळू ती मुलं त्याच्या एका शब्दासाठी काहीही करू लागतात. एके दिवशी भाऊ बहिणीचं पाळलेलं पाखरू स्वतःच्या हातानं मारतो. मालकानं तसं सांगितलेलं नसतं. त्याला आवडेल, एवढंच त्या मुलाला वाटलेलं असतं.

त्या घराभोवती कायम धुकं असायचं. आम्ही तसलं धुकं कधी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा आम्ही ते कापसाचंच समजलो. गल्लीच्या टोकाला, तंतूंच्या पलीकडे, ते दगडी घर असणार असं मला खरंच वाटायचं. मालकाची मला भीती वाटायची. पण तो मला आवडायचाही. त्याचं खिडकीशी उभं राहणं, कमी बोलणं, मान अर्धीच वळवणं. आरशासमोर मी तशी मान वळवून पाहिली होती.

आमच्यात तिसरी मुलगी आली ती दिवाळीनंतर. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची, आमच्याच वर्गातली. तिचे आईवडील ऊसतोडीला गेले होते आणि ती वसतिगृहात राहायची. घरात बंजारा बोली, त्यामुळे मराठी बोलताना अडखळायची आणि वर्गात बहुतेक गप्पच असायची. एकदा शाळेतून आमच्यामागे चालत ती ओसरीपर्यंत आली आणि मग रोजच येऊ लागली. गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ऐकत बसायची.

"हे घर कोनीकडं हाय?" तिनं एकदा विचारलं.

"मूर्तिजापूरच्या पल्याड," चाचांची मुलगी गमतीनं म्हणाली.

तिनं ते खरं मानलं. तिच्या अंगावर आईनं भरलेली ओढणी असायची, लाल, बारीक आरशांची. जाताना आईनं दिली होती. उन्हात ती हलली की ओसरीच्या छतावर उजेडाचे ठिपके पळायचे आणि वाचता वाचता माझं लक्ष तिकडे जायचं.

सुरुवात मी केली. हे इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला वेगळंच सांगत आले.

एका सोमवारी तांड्याची मुलगी आली आणि तिनं विचारलं, "काल कुठवर वाचलं तुमी?" मी उत्तर दिलं नाही. काही कारण नव्हतं. फक्त काय होतं ते पाहायचं होतं. तिनं पुन्हा विचारलं. मी मान अर्धी वळवून रस्त्याकडे पाहत राहिले. तिनं चाचांच्या मुलीला विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पानांत डोकं घातलं. थोडा वेळ बसून ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं ओटीत बोरं आणली. मी काही झालंच नाही अशी तिच्याशी बोलले. तिचा चेहरा असा उजळला की मला ते गोड लागलं. तसली गोडी मी त्याआधी कधी चाखली नव्हती.

मग ते रोजचंच झालं. कोणत्या दिवशी बोलायचं नाही, ते आम्ही दोघी वर्गातच खुणेनं ठरवायचो. ती आमच्या पेनांत शाई भरून द्यायची. माझं शिवणाचं काम करून द्यायची. "माह्यं काय चुकलं?" असं विचारायची आणि आम्ही गप्प राहायचो. ती गेल्यावर पुस्तक उघडायचो तेव्हा मालक आता आमच्यासोबतच ओसरीवर बसलेला आहे असं वाटायचं. आपण कुणाला दुखावतोय असं मात्र वाटायचं नाही. सगळं गोष्टीतच चाललेलं होतं.

चाचांची मुलगी मुळात हळवी. मांजरीचं पिल्लू मेलं तर दोन दिवस न जेवणारी. पण जानेवारीपर्यंत ती माझ्या पुढे गेली होती. त्या वेळी आम्ही तांड्याच्या मुलीशी सलग तीन दिवस बोललो नव्हतो. पुस्तक शिवून झालं होतं, जिल्द बाकी होती. पानांवरून हात फिरवत चाचांची मुलगी कुणाकडेच न पाहता म्हणाली, "या पुस्तकाले आरशाची जिल्द किती चांगली दिसन."

तांड्याच्या मुलीनं ओढणी काढून मांडीवर घेतली. माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणू शकले असते. एक शब्द पुरला असता. मी रस्त्याकडे पाहत राहिले. मग चाचांची मोठी कात्री कापडातून चालल्याचा आवाज आला. मध्येच एखाद्या आरशावर ती अडायची, कचकन आवाज व्हायचा आणि पुन्हा पुढे सरकायची. कापड खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवून आम्ही पुस्तक दाबायला चाचांच्या शिकंज्यात ठेवलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्याशी खूप बोललो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी शिकंजा सोडवला आणि ते लाल पुस्तक त्यांच्या हाती आलं. आम्ही तिघीही तिथंच होतो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, टाक्यांवर अंगठा फिरवला.

"हे कोनं कापलं?"

"म्या," तांड्याची मुलगी म्हणाली.

"काहून?"

"यायले पाह्यजे होतं."

"यायनं मांगतलं?"

"नाई. कोनी नाई मांगतलं."

चाचांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे वळले. "बेटा, मले हे वाचता येत नाई. तू सांग, काय लिवलं हाय यात."

मी सांगू लागले. दलदल, दगडी घर, मालक. आधी नेहमीच्या थाटात सांगत होते. पण चाचा मध्ये मध्ये साधे प्रश्न विचारायचे. लेकराइले खायाले देत होता का? कोनी भेटाले येत होतं का? त्यांना ती दोन मुलं खरीच वाटत होती. पाखराचं मी घाईघाईनं सांगून टाकलं.

"त्यानं मांगतलं होतं?" चाचांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुढचं विचारलं नाही. अजान झाली तसे ते वजू करायला उठले. परत आल्यावर ओल्या फडक्यानं खळ भिजवून त्यांनी कापड अलगद सोडवलं, दोरीवर वाळत घातलं आणि वाळल्यावर तांड्याच्या मुलीच्या हातात दिलं. "माय आली का तिले दाखवजो," म्हणाले. "मी बोलीन तिच्यासंगं." आपल्या मुलीला ते रागावले नाहीत, पण ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून रडत बसली होती. पुस्तकाला त्यांनी साधं खाकी कापड लावलं आणि ते वाचनालयात पोचवलं.

मला वाटलं, संपलं.

आठवड्यानं मी तांड्याच्या मुलीची वही परत द्यायला वसतिगृहात गेले. मागच्या पायऱ्यांवर ती बसली होती आणि तिच्यासमोर पाचवीतली एक लहान मुलगी उभी होती.

"ताई, बोल ना," ती लहान मुलगी म्हणत होती. "माह्यं काय चुकलं?"

तिनं मान अर्धी वळवली आणि कुंपणाकडे पाहत राहिली. ती मान माझी होती. म्हणजे आधी त्या मालकाची, मग माझी, आणि आता तिची. मी वही तशीच घेऊन परत आले.

संध्याकाळी आत्या तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. मी संपवल्यावर म्हणाली, "तुह्या बापाले शाळेत दाराबाहेर बसवत. ठाऊक हाय तुले?"

मला ठाऊक होतं. तेवढंच ठाऊक होतं.

"मास्तर त्याच्यासंगं बोलेच नाई. यानं पाटी दाखवली तं तिकडं पाहे बी नाई. घरी येऊन तो मायले विचारे, माह्यं काय चुकलं. किती तरी दिवस विचारे." आत्यानं सूप बाजूला ठेवलं. "उद्या जाय तिच्याकडं. माफी मांगाची घाई करू नोको. आधी खरं काय ते सांग."

ज्या बाबांनी मला एवढ्या हौसेनं शिकायला पाठवलं, त्यांच्या त्या वयातल्या तोंडचं वाक्य मी कित्येक आठवडे एका मुलीच्या तोंडून ऐकत होते, आणि मला ते गोड लागत होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. आत्यानंही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला वसतिगृहाच्या फाटकाशी गाठलं. "तुह्यं काहीच चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "बोलाचं नाही ते दिवस आमीच ठरवत होतो."

तिला आधी समजलंच नाही. "कोनते दिवस?"

"सगळे."

"बोरं आनली तवाबी?"

"तवाबी."

"मले वाटे, मले तुमच्यावानी बोलता येत नाई म्हून." एवढं म्हणून ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग चढताना मी पहिल्यांदा पाहिला. मग ती वळली, पायऱ्यांपाशी जाऊन तिनं त्या लहान मुलीला हाक मारली आणि माझ्या देखत तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुह्यं काई चुकलं नाई," ती तिला म्हणाली. "म्या उगाच केलं." लहान मुलगी हसली आणि पळून गेली. जे मला एवढ्या दिवसांत जमलं नव्हतं, ते तिनं लगेच केलं.

उन्हाळ्यात तिची आई आली. चाचांनी बोलावून तिला ओसरीवर बसवलं, आम्हा दोघींना समोर उभं केलं आणि काय झालं ते स्वतः सांगितलं. ती बाई आमच्याकडे पाहत आपल्या बोलीत बराच वेळ बोलली, न थांबता, हात हलवत. आम्हाला एक शब्दही कळला नाही. मुलगी शेजारी उभी होती. तिनं आम्हाला अर्थ सांगितला नाही. आजही मला तो माहीत नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. ते पुस्तक वाईट होतं का, असं मी स्वतःला अनेकदा विचारलं. तेच पुस्तक चाचांनी ऐकलं आणि त्यांना ती दोन लेकरं दिसली. मला मालक दिसला होता. माझ्यात आधीच काहीतरी तयार असणार, त्याला तिथं फक्त बोलायची रीत सापडली. चाचांच्या मुलीचं दहावीआधीच लग्न होऊन ती अकोल्याला गेली. आम्ही दोघींनी त्या हिवाळ्याविषयी एकमेकींपाशी कधीच बोलणं काढलं नाही.

तांड्याची मुलगी उरलेल्या आठवीत आणि नववीत माझ्याशी बोलली नाही. मीही तिच्या वाटेत गेले नाही. दहावीच्या वर्षी, पावसाळा नुकताच सरला होता, भूगोलाच्या तासाआधी ती माझ्या बाकापाशी येऊन उभी राहिली.

"नकाशाचा कागद हाय का जास्तीचा?"

मी दिला. ती माझ्याशेजारीच बसली आणि नद्या काढू लागली. अडाण नदीची रेघ तिनं जिथं हवी होती तिथंच, अगदी सावकाश ओढली, आणि काठावर पेन्सिलीचा एक ठिपका दिला.

"इथं आमचा तांडा," ती म्हणाली, आणि रंगांसाठी हात पुढे केला.