खोकीवाल्या अक्का

"तिकडे माणूस कोन शे?"

संगणकाच्या पडद्याकडे बोट करून अक्का हेच विचारायच्या. मी म्हणायचो, "कोणी नाही, अक्का. आमचं मशीन तुमच्या मशीनशी बोलतं." त्या पडद्यामागे वाकून बघायच्या आणि चहा टाकायला सांगायच्या. तिकडे कोणी नसेल तर निदान इकडच्याची सोय व्हावी, असा हिशेब असावा.

पारोळ्याला अक्कांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. जळगावची आमची मसाल्याची कंपनी ती खोकी घेई. आधी ऑर्डरी फोनवर जायच्या. मग कंपनीने ठरवलं की ऑर्डर, पोच, बिल सगळं एकाच ठरावीक साच्यात, संगणकातून संगणकात जाईल. पुरवठादारांना तसं जोडून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या हुद्द्यात इंग्रजी शब्द भरपूर होते, त्यामुळे मी स्वतःला बराच मोठा समजत होतो. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील.

पहिल्या बैठकीत मी टाय लावून जाहीर केलं, "आजपासून तुम्ही आमचे ट्रेडिंग पार्टनर!"

अक्का उठल्या. "पार्टनर म्हनजे भागीदार ना? मंग नफामा आमना वाटा कितला?"

सगळे हसले. माझे वरिष्ठ सर्वांत जास्त. पुढच्या स्लाइड कोणी पाहिल्याच नाहीत.

मग पारोळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. आमच्याकडे प्रत्येक खोक्याला कोड. अक्कांकडे 'हळदवालं', 'लांबडं' आणि 'रडकं'. मी ते जुळवायचो आणि चाचणीची ऑर्डर परत यायची. अक्कांच्या सूनबाई मशीनसमोर बसत, अक्का माझ्या पाठीशी उभ्या राहत.

"तुले येस ना हाई?" त्या मायेने विचारायच्या.

"येतं की," म्हणून मी बाहेर जायचो आणि ऑफिसला फोन लावून विचारायचो.

एकदाची ऑर्डर पोचली. मी स्वतःचं कौतुक सुरू करणार, तोच अक्कांनी विचारलं, "धुयाना नानानं झायं का?"

धुळ्याचे नाना हे त्यांचे प्रतिस्पर्धी. तेही आम्हाला खोकी द्यायचे. एकमेकांचे भाव पाडण्यावरून दोघांचं बोलणं कधीचं बंद होतं. मी सांगितलं की नाना यंत्राला नाही म्हणतात. महिनाअखेरीस त्यांचं नाव आमच्या यादीतून निघेल आणि त्यांच्या ऑर्डरी तुम्हालाच मिळतील. वाटलं, अक्का खूश होतील.

"त्याना कारखाना बंद करसू ते मी करसू," त्या कडाडल्या. "तुना कंपूटर कोन शे?"

आणि मला घेऊन त्या धुळ्याच्या एसटीत बसल्या.

नानांनी आम्हाला बसायला सांगितलं, ते भिंतीकडे बघत. मी साचा, पोच, सुरक्षितता असं समजावू लागलो. नानांना जांभई आली. अक्कांनी मला हाताने गप्प केलं.

"नाना, हाऊ कंपूटर एक टपाल्या शे. चहा पेत नही, सुट्टी लेत नही. चिठ्ठी टाकस नि निंघी जास."

नाना पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळले. "भांडन करस का?"

"नही."

"मंग तुनापेक्षा बरा शे."

नाना जोडले गेले. ऑफिसात माझ्या चिकाटीची स्तुती झाली. मी ती नम्रपणे, पण पूर्ण ऐकून घेतली.

गेल्या हिवाळ्यात अक्का अचानक गेल्या. कारखाना सुतकात बंद, पण यंत्राला सुतक नसतं. त्यांच्या नावाची मोठी ऑर्डर आदल्याच दिवशी निघाली होती. माल चुकला की पुरवठादाराचं नाव आपोआप यादीत खाली जाई. तो नियम मोठ्या हुशारीने मीच बसवला होता. आता सूनबाईंना काय सांगावं, याची जुळवाजुळव करत मी पारोळ्याला पोचलो.

कारखान्याच्या दारात धुळ्याचा टेम्पो उभा होता. खोक्यांनी गच्च भरलेला. शेजारी नाना.

"माल मना शे," ते सूनबाईंना सांगत होते. "पन पावती आठूनच, तुमना मशीनवरूनच निंघू दे. अक्काना नाववर."

सूनबाईंनी डोळे पुसले आणि मशीन सुरू केलं. नाना तोवर टेम्पोच्या दोऱ्या उगाचच पुन्हा आवळत राहिले.

जळगावला परतलो, तर माझ्या पडद्यावर निरोप आलेला होता. माल वेळेत निघाला. प्रेषक: अक्का. नोंद उघड चुकीची होती, आणि अशा चुका पकडण्याचाच मला पगार मिळतो.

मी ती तशीच पुढे जाऊ दिली.