बारकीने दार अडवलं

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. तिला सायकल मी शिकवली, पाढे मी शिकवले, तेरापर्यंत. पुढचे मलाच येत नाहीत. आणि प्लाझ्मासुद्धा आमच्या घरात पहिल्यांदा मीच आणला. हसू नका. मी आठवी पास असेन, पण पत्रा कापण्यात माझा हात धरणारा अख्ख्या वर्कशॉपात कुणी नाही. नळीतून हवा सोडायची, तिच्यातून वीज काढायची, की त्या हवेचाच निळा सुरा होतो. बोटाएवढी जाड प्लेट लोण्यासारखी कापते.

बारकी दहावीत असताना माझा डबा घेऊन आली आणि काळी काच डोळ्यांवर धरून तासभर बघत बसली. दोन दिवसांनी मलाच शिकवायला लागली, "दादा, हा साधा जाळ नाही. विजेच्या तडाख्याने हवेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन निसटतात. मागे उरतो तो आयन. दोघं असे मोकाट सुटले की प्लाझ्मा."

"बरं बाई," मी म्हणालो, "डबा दे आता."

आता ती मोठ्या इस्पितळाच्या तळघरात काम करते. दोन मीटर जाडीच्या भिंती, खिडकी एक नाही. सकाळी आत गेली की बाहेर ऊन आहे की अंधार, तिला पत्ता नसतो. तिथे हायड्रोजनचा प्लाझ्मा करतात, त्यातले आयन ओढून काढतात, पळवून पळवून भयंकर वेगात आणतात आणि आजारी माणसाच्या अंगात सोडतात. आत कुठे जाऊन थांबतील ते बारकी मिलिमीटरवर सांगते. आहे कुणाची बहीण अशी?

गेल्या वर्षी तिथे माझाच नंबर लागला. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी गाठ निघाली. गाठीला चिकटून मेंदूचा देठ. श्वास, गिळणं, चालणं, सगळ्या तारा तिथूनच जातात म्हणे.

"पण त्या आयनला कळतं कसं, कुठे थांबायचं ते?" मी विचारलं.

"कळत नाही रे, तो दमतो. वेगात असतो तेव्हा वाटेत थोडं थोडं देत जातो. वेग मेला की उरलंसुरलं सगळं एकाच जागी ओततो आणि थांबतो. ती जागा बरोबर गाठीत पडायला हवी."

"आणि पुढे पडली तर?"

"म्हणून तर मोजतो ना!"

रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं हे मोजायचं गणित स्वतः करायचं नाही, असा तिथला नियम. माझं गणित दुसऱ्याने केलं. बारकीला फक्त माईकवर माझ्याशी बोलायला बसवलं, कारण मी बिथरलो होतो. होय, मी. टाकीच्या पोटात शिरून वेल्डिंग केलेला माणूस. डोकं हलू नये म्हणून ते प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबतात. निवली की दगड. मग ती नऊ खिट्ट्यांनी टेबलाला जखडतात. जबडा हलत नाही, पापणी जाळीला घासते. हातपाय पट्ट्यांत.

पहिल्या दिवशी त्या जाळीत नुसता स्कॅन होता. मला तेव्हा जबरदस्त सर्दी. पण फॉर्मवर मी "सर्दी नाही" असं ठोकून दिलं. खरं लिहिलं असतं तर तारीख पुढे गेली असती, आणि एवढा गोळा केलेला धीर मला पुन्हा गोळा करावा लागला असता. माईकवरून बारकी म्हणाली, "दादा, ठीक असलास तर हुंकार दे." हुंकार कसला देतोय! दातांच्या फटीतून कसाबसा श्वास ओढत होतो. ओठ मिटले की संपलंच. मी टेबलावर बोटं वाजवली.

नंतर तिने विचारलं, "हुंकार का नाही दिलास?"

"मी काय भुंगा आहे?" विषय संपला.

स्कॅनमध्ये नाकामागची पोकळी भरलेली दिसली. सर्दी नाही म्हटल्यावर तो दुखण्याचाच भाग, असं त्यांनी धरलं आणि त्यावर गणित मांडलं.

दोन आठवड्यांनी खरा झोत सोडायचा दिवस. सर्दी गेलेली, नाक मोकळं. मी जाळीत. "दादा, ठीक आहेस?" मी असा हुंकार दिला की खोली घुमली.

पलीकडून बारकी म्हणाली, "परत दे." मी परत दिला. माईक चालूच राहिला होता, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"सर, थांबा. स्कॅनच्या दिवशी याला हुंकार देता आला नव्हता. तेव्हा नाक चोंदलेलं असणार."

"सर्दी नाही असं लिहिलंय त्यांनी," मोठे डॉक्टर म्हणाले. "आणि आत्ताचा एक्स-रे जुळलाय."

"हाडं जुळलीत, सर. एक्स-रेत शेंबूड दिसत नाही. तेव्हा भरलेलं होतं तिथे आता हवा असेल, तर आयन न अडता पुढे जाईल. पुढे देठ आहे."

"तुम्ही बहीण म्हणून घाबरताय. चालू करा."

खरं काय ते त्या तळघरात फक्त मला माहीत होतं, आणि माझं तोंड जखडलेलं. माझ्याकडे खुणा दोनच, हुंकार आणि बोटं. दोन्हींचा अर्थ "ठीक". तरी मी जीव खाऊन हुंकार देत सुटलो.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "ते स्वतःच ठीक म्हणतायत."

घामाचा थेंब डोळ्यात उतरला, पुसता येईना. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग धावती पावलं. बारकी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. दार उघडं असलं की ते यंत्र झोत सोडतच नाही.

"मी इथून हलणार नाही, सर."

खिट्ट्या निघाल्या तसा मी ओरडलो, "होती! सर्दी होती!" तिने माझ्या दंडावर अशी चापट दिली, की मीसुद्धा तिला लहानपणी कधी दिली नसेल.

डॉक्टर दारात आले. "उद्या सकाळी पुन्हा स्कॅन. आणि दार अडवलंत त्याचं मला लेखी द्या." बारकी मान खाली घालून हो म्हणाली. ते कागद वर गेले तर नोकरीवर येतं, हे मलासुद्धा कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा जाळीत. स्कॅन झाला, पण मला सोडवायला कुणी येईना, सगळे पडद्यापाशी. बारकीचा आवाज आला, "पोकळी रिकामी आहे. आयन नखभर पुढे गेले असते, सर. देठात."

"लेखी आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"आणलंय."

"त्यात लिहा, चालू करा असं मी म्हणालो होतो. माझ्या नावासकट लिहा."

"लिहिते," बारकी म्हणाली. "पण आधी दादाला बाहेर काढते."