दत्तूमामांचा खर्ज आणि दुसऱ्या पातीचा गज

धारच्या आठवडी बाजारात मी पत्रकं वाटत होते. 'संस्थानांची वाद्ये जनतेची! ती शाळांना द्या!!' असा मथळा. गर्दीतून दत्तूमामांचे दोस्त कन्हैयालाल भिया आले. एरवी ते हसून म्हणायचे, "ला बाई, एक कागद म्हने बी दे." त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला अख्खा गठ्ठाच काढून घेतला. "दत्तू भिया नी रिया, बाई. देवास से आदमी आयो है." मग त्यांनीच मला इंदूरच्या मोटारीत बसवून दिलं. मामा गेले, पण वाटेत मी रडले नाही. मला राग आला होता. सरकारी कोठीच्या कुलपाचा, तिथल्या साहेबाचा आणि सगळ्यात जास्त दत्तूमामांचाच. आता काही आठवडे उलटले, तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल फक्त गोड वाचायची सवय असेल, त्यांनी पान उलटावं.

दत्तूमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. देवासच्या थोरल्या पातीच्या राजवाड्यात एक तंतुवाद्यांचा ताफा होता, त्यात ते डबलबेस वाजवायचे. माणसाहून उंच, चार तारांचं ते अवजड वाद्य. ताफ्यातले लोक त्याला 'म्हैस' म्हणत. बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण आमच्या एवढ्याशा गावात राजे दोन होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या एका अंगाला एकाचं राज्य, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचं. दोघांचे बँड वेगळे, आणि एका बँडचा माणूस दुसऱ्याच्या वाद्याला हात लावत नसे. कुणाचा हुकूम नव्हता, तशी रीतच होती. लहानपणी मी तालमीला जाऊन म्हशीच्या पाठीला तळहात लावून उभी राहायची. मामांनी तारांवरून गज ओढला, की आवाज कानाच्या आधी हातात यायचा, मग पोटात. वर व्हायोलिनवाले काय वाजवत होते, ते मला आज अजिबात आठवत नाही.

विलीनीकरण झालं, राजे गेले. त्याचं मला दुःख नाही, हे स्पष्ट सांगते. पण दोन्ही पात्यांचे बँड मोडले आणि सगळी वाद्यं एकाच कोठीत कोंबून कुलूप लावलं, त्याला काय म्हणायचं? मामा नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात लागले आणि विजेच्या तारा जोडायला शिकले. सुटीच्या दिवशी धारहून कन्हैयालाल भिया यायचे. ते धारच्या बँडमध्ये सगळ्यात मोठं पितळी वाद्य, भोंगा, फुंकायचे. मग दोघे ओसरीवर बसून खालच्या सुरांच्याच गप्पा मारत. कुणाचा खर्ज गोल, कुणाचा खरबरीत, कुणाचा नुसताच फुगलेला... मामा म्हणायचे, "कन्हैया, तुझा भोंगा म्हणजे बाग गावच्या छापील कापडातला काळा रंग. कितीही धुवा, उतरत नाही." त्यावर भिया, "ने थारी भैंस? पानी में बैठी तो उठे ई नी!" लढाईच्या काळात महूच्या छावणीत एक गोरा शिपाई डबलबेस वाजवायचा. दोघांनी तो क्लबच्या मागच्या आवारात उभं राहून ऐकला होता. गज बाजूला ठेवून तो नुसत्या बोटांनी तारा ओढायचा. भियांना ते फार आवडलेलं. मामा नाक मुरडायचे. "टपोरा होता आवाज, नाही म्हणत नाही. पण लगेच मरतो. खर्ज कसा, गजाने ओढून जिवंत ठेवावा लागतो."

मी मोहिमेला लागले ती याच म्हशीसाठी. वाद्यं शाळेला मिळावीत, आणि मामांनी दर रविवारी मुलांना शिकवावं. पहिलं पत्रक छापून आणलं, तेव्हा ते दिव्याखाली धरून मामांनी वाचलं आणि म्हणाले, "उद्गारचिन्हं फार झालीत, शालू. सगळ्यांनीच झांजा धरल्यात. खाली कुणी आहे का?"

"मामा, हे गाणं नाहीये. मागणी आहे."

"मग मागणीला खर्ज नको?"

पुष्कळ खेटे घातल्यावर एकदाचे कोठीवरचे साहेब तयार झाले. त्यांची अट सरळ होती. वाद्य आमच्यासमोर वाजवून दाखवा. वाजलं तर शाळेला, नाहीतर निरुपयोगी म्हणून लिलावात. मामा इस्त्रीचा कोट घालून आले. धूळ पुसून म्हैस बाहेर काढली. तारा शाबूत होत्या. मामांनी खुंट्या पिळून त्या सुरात आणल्या. तेव्हाचा त्यांचा चेहरा... तो मी इथे लिहिणार नाही. शिपायाने कोपऱ्यातून गज आणून दिला. मामांनी तो उजेडात धरला आणि त्यांचा हात खाली आला.

"हा आमचा नाही. मुठीवर धाकट्या पातीची खूण आहे."

"अहो, मग?" साहेब म्हणाले.

"आमचा गज शोधा."

तो नव्हताच. घुशींनी खाल्ला की कुणी नेला, कोण सांगणार? मी म्हटलं, "मामा, पात्या गेल्या, राजे गेले. ओढा ना हाच! एकदाच!"

"ज्यांचा आहे, ते वादक अजून रस्त्यापलीकडे राहतात. त्यांना न विचारता त्यांचा गज लावू?"

"मग त्यांना विचारून येते."

"थोरल्या पातीने गज मागायचा? आणि तोही धाकट्यांकडे?"

"बरं, मग बोटांनी तरी वाजवा!"

मामांनी गज शिपायाला परत दिला. म्हैस भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि कोटाची बटणं लावली. साहेबांनी खांदे उडवले. म्हैस लिलावात गेली, आणि पुढे एका सुताराच्या दुकानात तिची पाठ मला दिसली. तिच्यापासून त्याने फडताळाची दारं केली होती. मी महिनाभर मामांशी बोलले नाही. सरकारशी भांडता येतं, सभा घेता येते, पत्रक काढता येतं. स्वतःच्या मामाविरुद्ध काय काढायचं?

मग एकदा मामीचा निरोप आला, "येऊन बघ, यांनी घरात काय मांडलंय." बघते तर उदयनगरकडच्या सागाची एक लांब फळी, तिच्यावर सायकलच्या ब्रेकच्या तारा ताणलेल्या. तारांखाली महूच्या कबाड्याकडून आणलेल्या पलटणीच्या टेलिफोनमधलं चुंबक तारेच्या वेटोळ्यासकट बसवलेलं, आणि त्याची वायर थेट रेडिओच्या पाठीत. मामांनी जाड तार बोटाने ओढली. रेडिओच्या कापडातून जो आवाज आला, तो ना म्हशीचा होता, ना भोंग्याचा. टपोरा, गरम, कडेला किंचित फाटलेला... आणि तो मरत नव्हता, रेंगाळत होता. फडताळातला पितळी पेला थरथरत कडेपर्यंत आला आणि खाली पडला. मामी ओरडली, "अगं बाई, घर पाडतात की काय!" कन्हैयालाल भियांनी कान रेडिओला लावला. "भिया, यो तो बिजली को भूत है!"

"भूत तर भूत," मामा म्हणाले. "खर्जात आहे ना?"

मी विचारलं, "बोटांनी वाजवता आता? तेव्हा का नाही वाजवलंत?"

"ती म्हैस गजाची होती, शालू. ही फळी कुणाच्याच पातीची नाही."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. शाळेतल्या मुलांना एक खरं वाद्य मिळालं असतं. ती आज कवायतीला नुसता ढोल बडवतात, आणि खर्ज म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मामा त्यांना फळी शिकवायला तयार होते. मी शाळेत विचारायला गेले, तर मुख्याध्यापक म्हणाले, "आधी हे वाद्य आहे, असं लिहून आणा." कुणाकडून लिहून आणू? तोवर पावसाळा लागला, मामांच्या छातीत कफ भरला आणि ते गेले.

परवा मामीकडे गेले. फळी खुंटीला टांगलेली आहे, वायर गुंडाळून रेडिओवर ठेवलेली. दिवेलागणीला मामी उठली, फडताळातला पेला काढून जमिनीवर ठेवला आणि परत तांदूळ निवडायला बसली. मामा रोज याच वेळी वाजवायला बसत.

"आता कशाला उतरवतेस, मामी?" माझा आवाज चढलाच. "कोण वाजवणार आहे?"

तिने सुपातून मान वर केली नाही. "तू एवढी गावभर ओरडत फिरतेस. फळीची वायर रेडिओला लावता येते का तुला?"

मी उठून वायर सोडवायला घेतली.