काका, बॅगी शिवा

सोलापुरात ढगळ बॅगी पँटची लाट आली तेव्हा मी कॉलेजात होतो. कापड घेऊन गल्लीतल्या टेलरकाकांकडे गेलो आणि ऐटीत म्हणालो, "काका, बॅगी शिवा." काकांनी जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेले, पण एखादी गोष्ट माहीत नाही असं कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "बॅगी व्हय? शिवतो की!"

आठ दिवसांनी पँट मिळाली. पाय नेहमीसारखेच तंग, आणि दोन्ही मांड्यांवर बटणं लावलेल्या दोन मोठ्या पिशव्या. "बॅगा लावल्यात बघ," काका अभिमानानं म्हणाले. "एकेकीत दोन किलो ज्वारी मावंल."

कॉलेज संपेपर्यंत पोरं मला पोस्टमन म्हणत होती. या अडाणी माणसानं माझं तारुण्य नासवलं, असं मी पुढं तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो.

परवा लेकीनं माळ्यावरून तीच पँट काढली, घातली आणि आरशासमोर किंचाळलीच. "बाबा, कार्गो पँट! तुमच्या काळी होती ही फॅशन?"

मी पोट आत घेतलं. "होती कुठली? मीच डिझाइन सांगून शिवून घेतली," म्हणालो. "टेलरला काय कळतंय!"