हिरवं पडलेलं मलम

घरात सगळे तिला नाकवाली वहिनी म्हणायचे. तेल खवट होण्याच्या बेतात असलं, की झाकण उघडताच तिला कळायचं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत ती टाचांच्या भेगांसाठी मलम बनवायची. बदामाचं तेल, मेण आणि कॅमोमाइलच्या तेलाचे थोडे थेंब. फुलं पांढरी-पिवळी, पण वाफेवर काढलेलं त्यांचं तेल शाईसारखं निळं. मलमालाही निळसर झाक यायची आणि गिऱ्हाइकं त्या रंगावरच भाळायची.

एका उन्हाळ्यात दुकानदाराने काचेच्या बरण्यांची अख्खी पेटी परत पाठवली. मलम हिरवं पडलं होतं. वहिनीचं तोंड उतरलं. सगळं टाकून द्यायला निघाली, पण सवयीने एक बरणी हुंगली आणि थबकली. वास ताजा होता. स्वतःपुरतं कॅमोमाइल न घालता केलेलं त्याच घाण्यातलं मलम मात्र केव्हाच खवट झालं होतं.

तिची मोठी नणंद कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. दोघींचं जेमतेमच जमे. वहिनीच्या उद्योगाला नणंद भातुकली म्हणायची. तरी वहिनी दोन्ही बरण्या आणि निळं तेल घेऊन तिच्याकडे गेली. नणंदेने या खेपेला हसण्यावारी नेलं नाही. तेलातले घटक वेगळे करून तिने एकेक जांभळ्या द्रावणात घातला. तेल नासू न देण्याचा दम ज्याच्यात असेल तो जांभळा रंग उतरवणार, असं तिने समजावलं. बाकीच्यांनी फारसं काही केलं नाही. निळ्या घटकाने मात्र रंग बराच फिका केला.

"क जीवनसत्त्वाच्या पासंगालाही पुरणार नाही," नणंद म्हणाली, "पण अँटिऑक्सिडंट आहे खरा. प्राणवायू तेल नासवायला येतो, तेव्हा हा आधी पुढे होतो. त्यात स्वतः खर्ची पडतो, म्हणून निळा रंग जाऊन हिरवा येतो."

"म्हणजे माझं मलम बिघडलं नाही, वन्सं?"

"अजून तरी नाही. उन्हात मांडलंस तर बिघडेल."

दुकानदाराने बरण्या काचेच्या कपाटात, ऐन उन्हात मांडल्या होत्या, हे मग उघड झालं. वहिनीने गडद तपकिरी बरण्या आणल्या. त्वचा तरुण राहते असं वर छापावं, असं दुकानदाराचं म्हणणं पडलं. नणंदेने ते साफ मोडीत काढलं आणि वहिनीनेही तिचीच री ओढली.

हल्ली नणंद सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत येऊन बसते. मेण किती तापवायचं यावरून दोघींची दर खेपेला नव्याने जुंपते. वहिनीचा नवरा दारातून डोकावतो, बहीण-बायकोचा तो सूर ऐकतो आणि शहाण्यासारखा परत फिरतो. भांडता भांडता बरण्या मात्र भरत जातात.