गच्चीवरची चक्की आणि कुंदाचे गुडघे

एका पवनचक्कीपायी माणसाची किती फजिती व्हावी? तीन वर्षांत इतके किस्से साठलेत की शेजारी ते माझ्यासमोरच सांगतात आणि मीही हसतो. खरं तर लाज वाटते. मी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस, तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. चक्कीत घातलेले पैसे माझ्या बायकोच्या, कुंदाच्या, गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते. "सहा महिने थांब," मी म्हणालो होतो. "विजेचं बिल वाचेल, मग दोन्ही गुडघे करू."

*

चक्की उभारण्याआधी वर्षभर वारा मोजावा, हे मीच मुलांना शिकवायचो. वेळ वाचवायला मी आठवडाभर वाळत घातलेले कपडे बघितले. शेजारचा पाटील म्हणाला, "सर, वारा किती हाय ते माहीत न्हाय, पण वहिनींची साडी आमच्याकडं आली हाय."

*

तयार पाती महाग, म्हणून मीच सागवान तासायला बसलो. तीन पाती, चार महिने! नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यातला फिटर अन्सारभाई अधूनमधून काम बघून जायचा; शेवटी तोच ती बसवायला आला. त्याने तिन्ही शेजारीशेजारी ठेवली. दोन एका बाजूला वळलेली, तिसरं उलटं.

"मैंने तो पिछले महीने ही देखा था," तो म्हणाला.

मग बोलला का नाहीस?

"आप डॉक्टर हो साहब. लगा, कुछ सोच के किया होगा."

*

चक्कीच्या जनरेटरसाठी तांब्याची तारही मीच हाताने गुंडाळत होतो. दारावरची बेल वाजली की वेढ्यांचा आकडा विसरायचो, सगळं उलगडून पुन्हा एकपासून. तीन आठवडे असेच गेले. शेवटी अन्सारभाईने तार उचलून नेली आणि कारखान्यातल्या सूत गुंडाळून कांडी भरायच्या मशीनवर तासाभरात गुंडाळून आणली. पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "साहब, उन तीन हफ्तों का क्या भाव लगाया था?"

*

मध्यंतरी हाडांच्या डॉक्टरांनी कुंदाला विचारलं, "इतका उशीर का केलात?"

मी भिंतीवरच्या सांगाड्याकडे बघत राहिलो.

कुंदा म्हणाली, "घरी काम काढलं होतं."

*

परवा चक्की पहिल्यांदा फिरली. कुंदाला जिना चढवत नाही, म्हणून ती खाली स्वयंपाकघरात, चक्कीच्या विजेवर लागणार होता त्या एकुलत्या दिव्यासमोर बसून होती. मी गच्चीवरून हाक मारली, "दिव्याकडे बघतेयस ना?"

"लागला, लागला," खालून तिचा आवाज आला. "छान उजेड पडलाय. या आता खाली."

दिव्याची वायर मी अजून जोडलीच नव्हती. ती माझ्या हातात होती.