डुकरिणीच्या वाट्याचा मका

मक्याचा दाणा जमिनीवर पडला की तो रडतो, असं नीकोलासा इश्कोयच्या घरात मानत. सासूनं ते तिला शिकवलं होतं, तिनं सून एउलालियाला. कापणीनंतर कणसांची निवड नीकोलासाच करी. भरलेली, पांढरी कणसं माळ्यावर, माणसांसाठी. बुरसलेली खाली, डुकरांसाठी. फेकून देण्याचा तिसरा ढीग तिच्या हयातीत कधी पडला नव्हता.

त्या वर्षी कणसं शेतात उभ्या ताटांवर वाळायच्या ऐन दिवसांत पाऊस हटेना. सोलावं ते कणीस गुलाबी बुरशीनं माखलेलं. खालचा ढीग माळ्यावरच्याहून मोठा झाला. गाभण डुकरीण तृप्त होऊन खात होती.

मग ती गाभडली. नीकोलासानं दृष्ट काढली आणि दुसऱ्या, लहान मादी पिलाच्या गळ्यात लाल दोरा बांधला. दोऱ्याला न जुमानता त्या पिलाचं मागचं अंग वयाआधीच माजावर आल्यासारखं सुजलं.

"नान नीकोलासा, नवरी सजवतेयस की काय?" शेजारचा म्हातारा गास्पार कुंपणावरून म्हणाला. तिथं वडीलधाऱ्या बाईला 'नान' म्हणत, पुरुषाला 'तात'.

"तुमचीच नजर लागली असेल, तात गास्पार. दिवसभर कुंपणावरच तर टांगलेले असता."

"माझी नजर इतकी लागत असती, तर तुझा कोंबडा कधीच गप्प झाला असता." मग त्याचा आवाज उतरला. "मका बघ, बाई. माझ्या वडिलांकडे गुलाबी कणसांच्या वर्षी असंच झालं होतं."

"मक्यानं कधी कुणाचं वाईट केलंय?"

ती कुणाचं ऐकत नसे, असं गावात अजून सांगतात. ते पुरतं खरं नाही. त्याच संध्याकाळी तिनं डुकरांपुढे पाला टाकला आणि उरलेला मका पोत्यात भरून शिडीखाली ठेवला. कारण मात्र कुणालाच सांगितलं नाही. मक्यावर आळ घ्यायला तिची जीभ रेटेना.

पुढे डुकरीण सावरली. एका सकाळी नीकोलासा शिडीखालचं पोतं सरकवायला गेली, तर ते अर्धं रिकामं.

"एउलालिया, यातला मका कुठं गेला?"

सून चुलीशी टॉर्तिया, मक्याच्या पातळ भाकरी, थापत होती. पोट आता लुगड्याआड लपत नव्हतं. "डुकरिणीनं टाकलेला ना, आई? वाया कसा घालवायचा? चोळून धुते, चुन्याच्या पाण्यात शिजवते. घाबरू नका, तुम्हा सगळ्यांना माळ्यावरचाच वाढते. हा मी एकटीच खाते."

"कधीपासून?"

"तुम्ही पोतं भरलंत, तेव्हापासून."

नीकोलासानं चुलीवरचं मडकं फडक्यानं धरून उचललं आणि अंगणात पालथं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच. वाफाळते दाणे मातीवर पसरले. चुन्यानंही त्यांचा गुलाबीपणा पुरता गेला नव्हता.

"अहो आई, हे काय!" एउलालिया धावत आली आणि एक हात पोटावर ठेवून वेचायला वाकली.

"हात लावू नकोस!"

पण सून वेचतच राहिली. तिला शिकवलंच तसं होतं.